अपुरं वर्ष

साळवे मॅडम कधी पाठमोऱ्या बोलत नसत. फळ्यावर लिहायचं असलं की आधी लिहून घ्यायच्या, खडू ठेवायच्या, पूर्ण वळायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्याला ही सवय लावून घ्यावीच लागते. आपले ओठ दिसले नाहीत, तर समोरच्या मुलापुरतं आपण बोललेलोच नसतो. पण मॅडमची सवय वर्गातून घरापर्यंत गेली होती. सावेडीतल्या त्यांच्या घरी मी बाहेरच्या खोलीत बसलेली असायची आणि त्या आत चहा टाकत असायच्या. मी काही विचारलं की गॅस बारीक करून बाहेर यायच्या, खिडकीच्या उजेडात उभ्या राहायच्या, उत्तर द्यायच्या आणि परत आत जायच्या. त्यांचे यजमान शांतवनराव एकदा मला म्हणाले, "आमच्या घरात भांडण लवकर मिटतं. पाठ फिरवून पुटपुटायची सोयच नाही."

उंच, काटकुळ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. उजवा गुडघा दुखायचा, म्हणून जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून वर यायच्या. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्याकडून मॅडमनी दोन गोष्टी घेतल्या होत्या: रविवारची उपासना आणि औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं सुटं, टपोरं अक्षर.

आमचं विद्यालय म्हणजे नगरमधल्या एका निवासी शाळेच्या आवारात मागच्या बाजूला असलेल्या तीन खोल्या. पुढच्या इमारतीत कर्णबधिर मुलं शिकायची, मागच्या खोल्यांत त्यांचे होऊ घातलेले शिक्षक. मी मानसशास्त्र शिकवायची. मॅडम भाषा आणि वाचा शिकवायच्या. मी तिथे लागले तेव्हा त्या जुन्या झालेल्या होत्या आणि थोड्या थकलेल्याही. पुढे कळलं की त्या थकलेल्या होत्या असं नाही, थकवा बरोबर घेऊनच काम करायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पाहुणे आले की हमखास म्हणायचे, "फार पुण्याचं काम करता हो तुम्ही." मॅडम म्हणायच्या, "नोकरी आहे." कुणी 'देवाघरची मुलं' म्हटलं की त्या शांतपणे म्हणत, "नाही, राहुरीकडची आहेत. काही जामखेडची. पत्ते देऊ का?" यात टोमणा नसायचा. त्यांना खरंच वाटायचं की समोरच्याची माहिती चुकली आहे.

बापू खरात आला तो मिरजगावजवळच्या एका वस्तीवरून. तेव्हा हा अभ्यासक्रम एका वर्षाचाच होता. बापूला दाट, झुबकेदार मिशी होती, वरचा ओठ पूर्ण झाकणारी. पहिल्याच तासाला मॅडम त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरात, मला तुमचा ओठ दिसत नाही."

वर्ग हसला. बापू उभा राहिला. "मॅडम, आमच्याकडं बाप जिता असताना मिशी काढत न्हाईत."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ही एक खरी अडचण आहे आणि तिच्यावर विचार करायला हवा, अशा चेहऱ्याने त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काढू नका. ओठाची कड मोकळी होईल इतकी कापा. बाबांनी विचारलं तर सांगा, पोरांना ओठाची कड वाचायला लागते."

सोमवारी बापू बारीक मिशी घेऊन आला. "आईनं वळकलं न्हाई मॅडम," तो म्हणाला. "म्हशीनं वळकलं."

त्याने एक गोष्ट त्याच आठवड्यात सांगून टाकली होती. साध्या डी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून तो इकडे आला होता. मॅडम म्हणाल्या, "बहुतेकजण तसेच येतात. येताना कसे आलात ते मी विचारत नाही. जाताना कसे जाता ते बघते."

मॅडमचं दुसरं काम पुण्यात चालायचं. विशेष शिक्षक कसे तयार करावेत, त्यांना कसं नेमावं, यासाठी सरकार अधूनमधून समित्या नेमतं, बैठका बोलावतं, सूचना मागवतं. अशा प्रत्येक ठिकाणी मॅडम जायच्या. कधी बोलावणं असायचं, कधी नसायचं. सकाळची एसटी, संध्याकाळची परतीची एसटी. मागायच्या त्या दोनच गोष्टी. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन कुणालाही विशेष शिक्षक म्हणू नका. अभ्यासक्रम पुरता करा आणि त्यातला बराच काळ साध्या गावच्या साध्या शाळेत, खऱ्या मुलासोबत जाऊ द्या. आणि असा तयार झालेला शिक्षक कायम नेमा, दर वर्षी त्याला घरी पाठवून परत बोलावू नका.

हे सांगताना त्या नेहमी एका मुलीची हकीकत सांगायच्या. पारनेरच्या पठारावरच्या एका शाळेत त्या पाहणीला गेल्या होत्या. चौथीच्या वर्गात खिडकीपाशी एक मुलगी चित्र रंगवत बसली होती. तिला कमी ऐकू यायचं. गुरुजी चांगले होते. शिबिराला जाऊन आले होते, तिथे त्यांना सांगितलं होतं की अशा मुलांना प्रेमाने वागवा. ते प्रेमाने वागवत होते. पहिलीपासून तिला रंग देत होते. दर वर्षी ती पुढच्या वर्गात जात होती, खिडकी तीच.

"त्या मुलीचं वाईट काही झालं नाही," मॅडम बैठकीत सांगायच्या. "काहीच झालं नाही."

एकदा मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेले होते. सकाळची वेळ दिली होती, आत बोलावलं दुपारी. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही डबे खाल्ले. आत गेलो तर ज्या साहेबांशी मॅडमचं वर्षभर बोलणं चाललं होतं, त्यांची बदली झाली होती. नवे साहेब तरुण होते, नम्र होते. उठून उभे राहिले, पाणी मागवलं आणि म्हणाले, "मॅडम, मी नुकताच आलोय. जरा पहिल्यापासून सांगाल का?"

मॅडमनी पहिल्यापासून सांगितलं. त्याच सुरात, त्याच क्रमाने, पारनेरच्या मुलीसकट. साहेबांनी मन लावून ऐकलं. निघताना दारापर्यंत सोडायला आले.

परतीच्या गाडीत, शिरूर मागे पडल्यावर मी म्हटलं, "माणूस चांगला वाटला."

"चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "आधीचेही चांगले होते. त्यांच्या आधीच्या बाई तर फारच चांगल्या होत्या." मग पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी डोळे मिटले.

मला तेव्हा वाटायचं, या बाईला राग कसा येत नाही? आता वाटतं, राग यायला थोडी शक्ती शिल्लक असावी लागते आणि ती त्या पुढच्या खेपेसाठी राखून ठेवत होत्या.

बापू पास झाल्यावर कर्जत तालुक्यात कंत्राटी विशेष शिक्षक म्हणून लागला. मोटरसायकलवरून या शाळेतून त्या शाळेत फिरायचा. बरीच वर्षं गेल्यावर आम्ही दोघी एकदा त्याचं काम बघायला गेलो. आता तो पोक्त दिसू लागला होता, कानशिलं पिकली होती. त्याने आम्हाला एका वस्तीवर कोमल नावाच्या मुलीकडे नेलं. कोमल पहिलीत होती. कानाला यंत्र होतं. शाळेत ती गप्प बसायची, म्हणून बापू आठवड्यातून एकदा घरी येऊन तिचा पाठ घ्यायचा आणि तो पाठ शेळ्यांच्या गोठ्यात चालायचा.

तो जमिनीवर बसला, कोमलला समोर घेतलं. बाजूला एक करडू बांधलेलं होतं. बापूने ओठ नीट उघडून 'ये' म्हटलं. कोमलने आधी करडाला हात केला. बापूने मान हलवली. तिने परत हात केला. त्याने परत मान हलवली. असं बराच वेळ चाललं. त्याला घाई नव्हती. शेवटी कोमलच्या तोंडून एक मोठा, फाटका आवाज निघाला, 'ये'सारखा. करडाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कोमलने आधी करडाकडे बघितलं, मग बापूकडे, आणि मग ती थांबायलाच तयार होईना.

तिची आई दारात उभी होती. म्हणाली, "आदी नुसती हात करायची. आता लई कालवा करती. शेजारीन म्हनती, तुजी पोर गप ऱ्हाईना."

"करू द्या कालवा," बापू म्हणाला.

पाठ संपल्यावर मॅडम त्याला म्हणाल्या, "तिचं यंत्र डाव्या कानात आहे. तुम्ही तिच्या उजवीकडे सरकत होता."

"व्हय मॅडम. चुकलं."

मग आम्ही रस्त्याला लागेपर्यंत तिघं पायी चाललो. मॅडमनी विचारलं, "हे गोठ्यातलं कुठून सुचलं? आम्ही तर नाही शिकवलं."

बापू हसला नाही. "न्हाईच शिकवलं. पैली तीन-चार वर्सं म्या नुसता चाचपडत हुतो मॅडम. तुमच्याकडं वरीस झालं, पन सगळं त्या निवासी शाळेतलं. तिथं पोरं गोळा झालेली, घंटा हाय, वेळापत्रक हाय. हितं एका शाळेत एकच पोर, त्येचं घर रानात. काय करावं उमजंना. पैल्या पैल्या पोरांची वर्सं म्या वाया घालवली. खोटं कशाला बोलू?"

मॅडम रस्त्यात थांबल्या. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "एक वर्ष अपुरं होतं."

"लई अपुरं हुतं," बापू म्हणाला.

पुढच्या बैठकीत मॅडमनी पारनेरच्या मुलीची हकीकत सांगितली नाही. त्यांनी हे सांगितलं. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, माझ्या सगळ्यांत चांगल्या विद्यार्थ्याने मला तोंडावर सांगितलं की एका वर्षात तुम्ही आम्हाला तयार केलं नाही, आणि त्याची किंमत पहिल्या मुलांनी दिली. हे मला त्या बैठकीला गेलेल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांनी पुढे सांगितलं.

इतक्या वर्षांत न झालेलं त्यानंतर झालं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होऊन बराच काळ लोटलाच होता. आता कायम पदं निघणार, अभ्यासक्रमात गावच्या शाळेतलं काम वाढणार, असा निर्णय आला. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या, तरी बातमी कळताच विद्यालयात आल्या. मी त्यांना मिठी मारली. अशा गोष्टींची त्यांना सवय नव्हती. माझ्या पाठीवर दोनदा थोपटून त्या म्हणाल्या, "बघू या, काय काय लिहिलंय."

काय काय लिहिलंय ते आठवड्याभरात कळलं. संगीता पवारचा फोन आला. तीही मॅडमची जुनी विद्यार्थिनी, राहुरीकडे कंत्राटी काम करायची. या कायम पदांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रमच धरणार होते. एका वर्षाचा जुना अभ्यासक्रम अपुरा ठरवला होता. जे तो करून इतकी वर्षं गावोगाव फिरले, ते सगळे एका फटक्यात बाहेर.

त्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारातल्या खोलीत सगळे जमले. जिल्ह्याच्या चारी बाजूंनी आले होते. बरेचजण चाळिशीचे, काही त्याच्या पुढचे. मी मागे बसले होते. माझ्या पलीकडे भिंतीला टेकून बापू.

संगीता उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवलं. प्रमाणपत्रावर तुमचीच सही आहे. आणि पुण्यात जाऊन तुम्हीच सांगितलंत की आम्ही कच्चे आहोत."

मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "एक वर्ष अपुरं आहे, असं मी सांगितलं. तुम्ही कच्चे आहात असं नाही सांगितलं."

"फरक काय पडला?"

"तुमच्यापुरता काहीच नाही," त्या म्हणाल्या.

मग दुसरं कुणीतरी म्हणालं की अजून वेळ गेलेली नाही, मॅडमचं तिथे ऐकतात. मॅडमनी एवढंच सांगावं की त्या काळी तो अभ्यासक्रम पुरेसा होता. एका वाक्याचा प्रश्न आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली असेल. एवढ्या लोकांची घरं होती त्या वाक्यावर.

"मुदत मागते," मॅडम म्हणाल्या. "तुमचा अनुभव धरा म्हणून सांगते. जोड अभ्यासक्रम मागते, मी स्वतः शिकवते. पण तो पुरेसा होता असं नाही सांगता येणार मला. तो नव्हता."

लोक उठले. कुणी नमस्कारही केला नाही. बापू तेवढा मागे राहिला. खुर्च्या एकात एक घालून त्याने कोपऱ्यात रचल्या. मग मॅडमजवळ गेला.

"पुन्यात सांगितलं ते बोलनं माजंच हुतं न्हवं?" त्याने विचारलं. "वर्सं वाया घालवल्याचं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"वाटलंच मला." त्याने हेल्मेट उचललं आणि गेला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. मॅडम परत पुण्याच्या खेपा घालू लागल्या. आता कुणी बोलावत नव्हतं. गुडघा इतका सुजायचा की गाडीतून उतरल्यावर थोडा वेळ त्या नुसत्या खांबाला धरून उभ्या राहायच्या. कार्यालयात सगळे त्यांना ओळखायचे, आदराने बसवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, दर्जाचा आग्रह तर तुमचाच होता. आता तुम्हीच सूट मागता?" याला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि लांब उत्तर ऐकायला तिथे कुणाला वेळ नव्हता.

शांतवनराव एकदा विद्यालयात आले. त्यांचं माझ्याशी एकट्याने बोलणं तेव्हाच काय ते झालं. म्हणाले, "वंदनाताई, तिला जरा सांगा. सकाळी प्रार्थनेला बसते आणि नुसती बसून राहते. चहा निवतो. मी विचारलं, काय मागतेस एवढं? तर म्हणाली, मागून झालंय, आता ऐकतेय." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

शेवटी अर्धंमुर्धं झालं. जुन्या लोकांसाठी जोड अभ्यासक्रम मंजूर झाला, पण वयाची अट घालून. संगीता आणि तिच्यासारखे पुष्कळजण त्यात बसले. सुट्टीच्या दिवशी आमच्याच तीन खोल्यांत वर्ग भरायचा. मॅडम मोबदला न घेता शिकवायला यायच्या. संगीता पहिल्या बाकावर बसायची, सगळं लिहून घ्यायची, पाठ उत्तम द्यायची आणि मॅडमशी पाठापलीकडे एक शब्द बोलायची नाही. मॅडमनीही कधी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. तिचा पाठ झाला की एवढंच म्हणायच्या, "चांगला झाला." ती पुढे कायम झाली.

बापूचं वय उलटून गेलं होतं.

त्याच्या जागी संगमनेरकडची एक तरुण मुलगी आली, दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली. तिला रस्ते माहीत नव्हते, वस्त्या माहीत नव्हत्या. बापूने तिला मोटरसायकलवर मागे बसवून सगळ्या शाळा दाखवल्या, कोमलच्या घरीही नेलं. हे मला त्या मुलीनेच सांगितलं. बापू स्वतः आमच्याकडे फिरकला नाही. मिरजगावला हायवेच्या कडेला त्याने चुलतभावाबरोबर लिंबाचा धंदा सुरू केला, एवढं ऐकून होतो.

मधे बराच काळ गेला. मग मागच्या हिवाळ्यात मॅडमना पुण्याहून फोन आला. नव्या शिक्षकांचा अभ्यासक्रम परत तपासायचा होता, बैठक होती, मॅडमनी यावं. त्यांनी मला घरी बोलावलं आणि म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर मिरजगावला येतेस?"

आम्ही सोलापूरच्या गाडीने गेलो. बापूचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे वजनकाटा आणि पोत्यांवर ओतलेले लिंबांचे ढीग. एक टेम्पो भरून चालला होता. बापूने आम्हाला पाहिलं, टेम्पो मार्गी लावला, हात धुतले आणि आतून दोन खुर्च्या आणल्या. मिशी परत दाट झाली होती.

"बसा मॅडम. च्या सांगतो."

चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मॅडमनी कोमलचं विचारलं.

"चांगली हाय. पाचवीला गेली. ती नवी पोरगी लई चांगली शिकवती तिला." त्याने घरंगळलेलं एक लिंबू परत ढिगात टाकलं. "म्या सुरुवातीला शिकवायचो त्याच्यापेक्षा लई बरं. पैल्या दिवसापासनं तिला काय करायचं ते ठावं हाय."

मॅडमनी कप खाली ठेवला. "तुम्हाला माझा राग आहे का, खरात?"

"हाय," बापू म्हणाला.

त्याने ते इतकं साधेपणाने म्हटलं, की मी रस्त्याकडे बघायला लागले. ट्रक जात होते. मॅडम मान हलवत होत्या, जणू हे ऐकायलाच आल्या होत्या.

मग त्यांनी पुण्याच्या बैठकीचं सांगितलं. "तुम्ही चला माझ्याबरोबर."

"म्या? म्या कोन म्हनून? लिंबूवाला म्हनून?"

"ज्याने ते काम केलंय, तो म्हणून. मी इतकी वर्षं तुमचं बोलणं तिथे जाऊन सांगितलं. ते मी नको होतं सांगायला. तुम्ही सांगायला हवं होतं. म्हणजे त्या वर्षांनंतर तुम्ही काय शिकलात, ते पुढचंही सांगता आलं असतं."

"आता जाऊन मला परत घेतील व्हय?"

"नाही. ते मी आधीच सांगते. घेणार नाहीत."

"मंग कशाला येऊ?"

मॅडमकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं. मी ते ऐकत इतकी वर्षं काढली होती. या वेळी त्यांनी हातातला रुमाल उलगडला, परत घडी घातली आणि म्हणाल्या, "मला एकटीला जायचा कंटाळा आलाय, खरात."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, बापू उठून गेला. त्याने लिंबं मोजून दिली, पिशवीची गाठ मारली. परत आला तो बसला नाही, उभाच राहिला. आमची परतीची गाडी आली तेव्हा त्याने हात करून ती थांबवली आणि मॅडमना दंडाला धरून वर चढवलं. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही.

बैठकीच्या दिवशी मी मॅडमना स्टँडवर सोडायला गेले. नगरची थंडी, धुकं पुरतं उठलं नव्हतं. पुण्याची गाडी फलाटाला लागली होती. मॅडम दाराशी उभ्या होत्या, एक पाय पायरीवर ठेवून. चढत नव्हत्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, चला." मी म्हटलं, "मॅडम, बसून घ्या, जागा जाईल." त्यांनी मान हलवली, पण पाय तिथेच.

तेवढ्यात बापू फलाटाच्या त्या टोकाकडून येताना दिसला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, हातात डब्याची पिशवी. मुक्कामाला नगरमध्ये मेव्हण्याकडे आला होता म्हणे. मॅडमजवळ येऊन म्हणाला, "चला. उशीर झाला का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

त्याने त्यांना आधी चढवलं, खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसला. काच बंद होती. गाडी सुरू होऊन थोडा वेळ जागीच घरघरत होती, तोवर मी खाली उभी होते. बापू बोलायला लागला होता. काहीतरी लांबलचक, हातवारे करून. मधेच थांबायचा, आठवायचा, परत बोलायचा. मॅडम मधे एकदाही बोलल्या नाहीत. त्याच्याकडे वळून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर सैल सोडून, आणि ऐकत होत्या. माझ्याकडे बघून हात करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली.